दुसऱ्या शहराची मेट्रो नागपुरात : डबा नाही, गाडी आणता येते

संपादक महोदय,

मेट्रोला गर्दी वाढली की ‘तीन डब्यांना चौथा जोडा, आपल्याकडे नसेल तर पुण्याहून मागवा’ ही सूचना नागपुरात हमखास ऐकू येते. दोन्ही शहरांच्या गाड्या महामेट्रो या एकाच सरकारी कंपनीच्या, त्यामुळे ती सहज पटतेही. प्रत्यक्षात सुटा डबा असा जोडता येत नाही. अख्खी गाडी मात्र काही शहरांतून आणता येते आणि नागपूरने ते केलेले आहे.

२०१७ साली आपल्या स्वतःच्या गाड्या चीनमधील दालियनच्या कारखान्यातून यायच्या होत्या. तेव्हा मिहान-खापरीकडची चाचणी हैदराबाद मेट्रोकडून भाड्याने घेतलेल्या तीन डब्यांच्या गाडीवर झाली. ती इथे धावू शकली, कारण तीन मापे जुळत होती : रुळांमधील अंतर १४३५ मिमी, वरच्या तारेतून २५ हजार व्होल्टचा एसी पुरवठा आणि डब्याची रुंदी २.९ मीटर. यातले एक जरी चुकले असते, तरी गाडी डेपोच्या बाहेर पडली नसती.

बंगळुरू, कोची आणि अहमदाबाद इथले रूळही १४३५ मिमीचेच, पण तिथे वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्ट डीसी मिळते. त्या गाड्यांना टपावर पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) नाही आणि पोटात ट्रान्सफॉर्मरही नाही. तो नंतर बसवावा म्हटले तर डब्याखाली जागा नसते, आणि काही टनांचे वजन बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) व ब्रेक यांच्या हिशेबात धरलेले नसते. पुण्यातीलच हिंजवडी-शिवाजीनगर मार्ग या तिसऱ्या पट्टीवरचा आहे. म्हणजे ‘पुण्याची गाडी’ म्हणून भागत नाही, कोणत्या मार्गाची ते सांगावे लागते. कोलकाता मेट्रोचा पहिला मार्ग आणि दिल्लीचे सुरुवातीचे मार्ग १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजवर आहेत. वर्धा, काटोल, रामटेककडे जाणाऱ्या ज्या ब्रॉडगेज मेट्रोची चर्चा आपल्याकडे चालते, तिचे डबेही याच कारणाने सीताबर्डीच्या फलाटाला कधी लागणार नाहीत.

मुंबईच्या २अ आणि ७ या मार्गांचे उदाहरण जास्त फसवे आहे. रूळ तेच, वीजही तीच, पण डबा ३.२ मीटर रुंद. आपल्यापेक्षा प्रत्येक बाजूला १५ सेंटिमीटर जास्त. आपल्या फलाटाची कड डब्यापासून इतकी लांब नसतेच. तो डबा पहिल्याच स्थानकात घासेल. उलट आपली गाडी तिकडे नेली, तर दारापाशी तेवढीच जादा फट पडेल आणि लहान मुलाचा पाय त्यात सहज जाईल.

आता सुट्या डब्याविषयी. मेट्रोचा डबा आगगाडीच्या डब्यासारखा स्वयंपूर्ण नसतो. पँटोग्राफ, ट्रान्सफॉर्मर, मोटारी, कॉम्प्रेसर, बॅटरी ही सामग्री डब्याडब्यांत वाटलेली असते आणि सगळे मिळून एक युनिट होते. डब्यांना एकमेकांशी जोडणारे मधले कपलर डेपोत, हत्यारे घेऊनच सुटतात. गाडीच्या संगणकाला किती डबे, कोणत्या डब्याची ब्रेकची ताकद किती, कोणते दार कुठे हे आधीच पढवलेले असते. दुसऱ्या कारखान्याचा डबा मध्ये आला, तर त्याच्या तारांच्या पिना जुळत नाहीत; जुळवल्या तरी संदेशांची भाषा वेगळी, आणि दारे बंद झाल्याची खूण मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही.

अख्खी गाडी आणली तरी सिग्नलिंगचा प्रश्न उरतोच. सीबीटीसी या रेडिओवर चालणाऱ्या सिग्नल पद्धतीत गाडी आपली जागा रुळांमधल्या बीकनवरून (जागेची खूण सांगणाऱ्या यंत्रावरून) आणि चाकाच्या फेऱ्यांवरून ओळखते व रेडिओने कळवते. एका कंपनीचे गाडीवरचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या मार्गाशी बोलत नाही. ते बदलेपर्यंत गाडी स्वयंचलित संरक्षणाशिवाय, कमी वेगाने आणि पुढचा मार्ग मोकळा ठेवूनच चालवावी लागते. चाचणीला हे चालते, दर काही मिनिटांच्या फेऱ्यांना नाही. यंत्र बदलल्यावरही चाकाचा व्यास अचूक भरावा लागतो. नवे चाक साधारण ८६० मिमीचे, झिजत ७८० पर्यंत येते. ८५० च्या जागी ८६० भरले, तर दर किलोमीटरमागे सुमारे १२ मीटरची चूक होते. बीकन ती वेळोवेळी सुधारतो, पण एखादा बीकन वाचलाच गेला नाही की गाडी खुणेच्या अलीकडे-पलीकडे थांबते. यानंतर आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेच्या चाचण्या आणि मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी आहेच.

जगातही हेच दिसते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत ‘ए’ विभागाचे डबे सुमारे २.६७ मीटर, तर ‘बी’ विभागाचे सुमारे ३.०५ मीटर रुंद. रूळ एकाच मापाचे असूनही ‘बी’चा डबा ‘ए’च्या बोगद्यात जात नाही. याउलट बाल्टिमोर आणि मायामी या दोन शहरांनी १९८० च्या दशकात एकाच कारखान्याकडून एकाच नमुन्याचे डबे मिळून घेतले. खर्च वाचला आणि सुट्या भागांचा प्रश्नही हलका झाला.

महामेट्रोला हे अधिक सोपे होते, कारण मालक एकच. तरी नागपूरच्या गाड्या स्टेनलेस स्टीलच्या दालियनच्या आणि पुण्याच्या अॅल्युमिनियमच्या टिटागढच्या. झाले ते झाले. पण दुसऱ्या टप्प्यात कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगरपर्यंत ४३.८ किमीची भर पडणार आहे. त्या मार्गांवरच्या गाड्या निदान सध्याच्या गाड्यांना जोडता आल्या पाहिजेत, म्हणजे बंद पडलेली गाडी डेपोपर्यंत ओढून नेता येईल. त्यासाठी टोकाच्या कपलरची उंची, हवेच्या नळ्यांची जागा आणि आणीबाणीच्या ब्रेकच्या तारांची जुळणी ही तिन्ही नागपूर-पुण्यासाठी एकच ठरवावीत आणि गाड्या ताब्यात घेण्यापूर्वी जुनी-नवी गाडी प्रत्यक्ष जोडून, पुलाच्या चढावर ओढून पाहण्याची अट करारात घालावी.

– मेट्रो डब्यांच्या देखभालीचे काम जाणणारे काही वाचक, नागपूर