कृषिमंत्र्यांना खुले पत्र: वांग्याच्या मळ्यातली माती कधी नेणार?

माननीय कृषिमंत्री, गोवा राज्य, यांस सादर नमस्कार.

डिचोली तालुक्यात माझा वांग्याचा मळा आहे. काल सकाळी पाणी सोडायला गेले, तर फुलावर आलेली झाडे हिरवीच्या हिरवी मान टाकून उभी! चारशे लावली होती, अडीचशे तरी गेली असतील. पुढे मोजवले नाही. एक खोड कापून काचेच्या पेल्यातल्या पाण्यात धरले. थोड्या वेळात दुधासारखी तार खाली सुटली. तीच राल्स्टोनिया या मातीतल्या जिवाणूची खूण. मर रोग, सलग तिसरे वर्ष.

दिवाळीआधी एका साहेबांनी बांधावर उभे राहून शब्द दिला होता, माती नेतो, तिच्यात फाज, म्हणजे जिवाणूला ग्रासणारा विषाणू, शोधतो. कोणी फिरकले नाही. विचारायला गेले तर म्हणाले, पावडर मारा. अहो, जिवाणू मुळातून शिरून खोडाच्या नळ्यांत बसलेला, वरून पानावर पावडर मारून त्याचे काय होणार? पैसे गेले, पीक गेले, सोसायटीचे कर्ज तसेच. रात्री झोप लागत नाही मला.

 फाज जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आत भराभर वाढतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो. झाडाच्या वाटेला जात नाही. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, हे हँकिन या इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने १८९६ मध्येच लिहून ठेवले. द'हेरेल या संशोधकाने १९१७ मध्ये फाजला नाव दिले. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीवरच्या जिवाणूंसाठी फाजच्या फवारणीला २००५ पासून मान्यता आहे. आणि आम्हाला अजून पावडर!

पण तिथली बाटली इथे ओतून भागणार नाही. फाज फार निवडक, एका जिवाणूला मारणारा दुसऱ्याला शिवतही नाही. माझ्या जिवाणूवर चालणारा फाज माझ्याच मातीत, रोगट शेताच्या पाण्यात शोधायला हवा. एकट्याला जिवाणू दाद देईनासा होतो, म्हणून तीन-चार फाज एकत्र. उन्हात टिकत नाहीत, म्हणून संध्याकाळी, मुळाशी. एवढे काम करायला एक प्रयोगशाळा आणि दोन माणसे या राज्यात मिळत नाहीत?

डोंगर कापायला परवाने मिळतात. भाजी बेळगावहून येते. शेती टिकवा म्हणून भाषणे आम्हालाच. पोरांनी कशाच्या भरवशावर मळ्यात उतरायचे, सांगा.

त्या साहेबांसाठी भरून ठेवलेली मातीची पिशवी पडवीत खुंटीला टांगलेली आहे. आता ती सुकून गेली, ताजी भरून देते. माणूस पाठवा.

आपली,
डिचोलीची एक बागायतदार