ब्रिजित लेने बाईंना, त्यांच्या साक्षीबद्दल

आदरणीय ब्रिजित बाईंस,

स. न. वि. वि.

आपण पॅरिसच्या अभिलेखागारात काम करत होतात. २०१८ मध्ये आपण हे जग सोडून गेलात, म्हणून हे पत्र चारचौघांसमोरच लिहिते आहे.

दिग्दर्शक मिखाएल हानेके यांचा २००५ सालचा 'काशे' हा चित्रपट पाहिला नसता, तर तुमचं नाव माझ्यापर्यंत आलंच नसतं. सुरुवातीला पॅरिसच्या एका गल्लीतलं घर दिसतं. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही. मग चित्रावर पट्टे उमटतात, ते भरभर पळू लागतं आणि लक्षात येतं, आपण कुणीतरी दारात ठेवलेली व्हिडिओ कॅसेट बघतोय. घरमालक जॉर्ज टीव्हीवर पुस्तकांचा कार्यक्रम करणारा नावाजलेला माणूस. कॅसेटचा माग काढत तो माजिदपाशी पोचतो. माजिदचे अल्जेरियन आईवडील जॉर्जच्या घरच्या शेतावर कामाला होते. ऑक्टोबर १९६१ मध्ये ते पॅरिसच्या मोर्चाला गेले आणि परतलेच नाहीत. जॉर्जच्या आईवडिलांनी पोराला दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. सहा वर्षांच्या जॉर्जने चहाडी केली, हा रक्त थुंकतो म्हणून. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा बाबांनी सांगितलंय अशी थाप मारून त्याच्या हातून कोंबडा मारवला. माजिदची रवानगी अनाथालयात झाली.

कॅसेट कोण पाठवतं, याच्या मागे बहुतेक जण लागतात. दिग्दर्शक ते सांगत नाही आणि मला त्या शोधात फारसा अर्थही वाटत नाही. मला छळलं ते वेगळ्या जागेने. जॉर्ज बायकोला १७ ऑक्टोबरबद्दल सांगतो ते चार-दोन तुटक वाक्यांत: मोर्चा, पापाँ, पोलीस, सेन नदीत बुडवलेले दोनशे अरब. जॉर्जचं काम करणारा दानिएल ओतय हे नकोसं काम उरकून टाकावं तसं बोलतो. चित्रपट त्या रात्रीकडे पुन्हा वळत नाही. मी तिथेच अडकले. खरंच झालं होतं असं? मग नोंद कुठे आहे?

नोंद तुमच्या दफ्तरात होती. मोरिस पापाँ तेव्हा पॅरिसचे पोलीसप्रमुख. अल्जेरियन लोकांवर लादलेल्या रात्रीच्या संचारबंदीविरुद्ध निघालेला मोर्चा त्यांच्या पोलिसांनी चिरडला, हजारोंना पकडलं. सरकार म्हणत राहिलं, मेले ते तीन. जाँ-ल्युक एनोदी या अभ्यासकाने वर्तमानपत्रात सरळ 'हत्याकांड' लिहिलं, तर पापाँनी त्यांच्यावरच अब्रुनुकसानीचा दावा लावला. एनोदींना अभिलेखागारातले कागद बघायची परवानगी नव्हती. परवानगी नाही आणि पुरावाही आणा!

फेब्रुवारी १९९९ मध्ये तुम्ही कोर्टात उभ्या राहिलात. तुमचे सहकारी फिलिप ग्राँ यांनी लेखी साक्ष दिली. सरकारी वकिलांच्या नोंदवह्यांत काय आहे, ते तुम्ही सांगितलंत: नदीतून निघालेली प्रेतं, बांधलेले हात, आवळलेले गळे, गोळ्यांच्या खुणा. दावा फेटाळला गेला.

मी इथे महाराष्ट्रात एका रेकॉर्ड रूममध्ये काम करते. बस्ता सोडायचा, धूळ झटकायची, नोंदवहीचं पान जपून उलटायचं, नक्कल द्यायची, पुन्हा बांधून फडताळात ठेवायचं. गोपनीयतेचा नियम आम्हालाही आहे आणि तो मी मानते. तो मोडणं म्हणजे काय, हे या कामातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून तुमची साक्ष मला भावनेच्या भरात केलेली गोष्ट वाटत नाही. वह्या कुणाच्या ताब्यात आहेत आणि त्या मिटून ठेवल्या तर कोण खोटं ठरणार आहे, याचा हिशोब तुम्ही केला होतात. त्याची किंमतही मोजलीत. तुमच्याकडची कामं काढून घेतली, वर्षानुवर्षं बाजूला बसवलं. न्यायालयाने पुढे ती कारवाई रद्द ठरवली, पण गेलेली वर्षं कोण देणार?

सहा वर्षांच्या पोराला दोष देऊन काय उपयोग, असं चित्रपट बघताना मलाही वाटलं होतं. पण जॉर्ज मोठा झाल्यावरही खोटंच बोलतो, बायकोशीसुद्धा. तुम्ही साक्ष दिली नसतीत, तर त्याच्या त्या चार वाक्यांना मी पटकथेतली सोय समजून पुढे गेले असते. आता माजिदचे आईवडील मला पात्रं वाटत नाहीत. तुम्ही वाचून दाखवलेल्या वह्यांत त्यांच्यासारखीच माणसं आहेत.

त्याबद्दल तुमचे, आणि ग्राँ यांचेही, मनापासून आभार.

आपली,
तुमच्याच पेशातली एक