तिथे चूल कुठाय?

भामरागड तालुका,
१९ ऑगस्ट

प्रिय मिलिंद,

तीन दिवस पाऊस हात धुऊन पाठीस लागलाय. पर्लकोटा नदी फुगलीय, आमच्या वाटेवरचे दोन नालेही. आज ना कुणी साहेब येणार, ना मी कुठे जाणार. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर निवांत देतो. ‘माडिया आदिवासींना दवाखाना नकोच असतो का रे?’ असं तू दिवाळीत विचारलंस. ग्रामसेवक म्हणून इथे आलो तेव्हा मीही तसंच समजत होतो.

आरोग्य केंद्राशेजारी सरकारचं ‘माहेरघर’ असतं. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन राहावं, ऐन वेळी खाटेवर घालून नाले ओलांडायची पाळी येऊ नये, म्हणून. योजना चांगलीच. पण आमच्याकडे खाटा कोऱ्या आणि मच्छरदाण्या घडीतच. आम्ही कागदावर ‘जनजागृतीचा अभाव’ लिहून मोकळे.

मागच्या उन्हाळ्यात, तेंदूपत्ता आटोपल्यावर, ग्रामसभेत मी पहिल्यांदाच भाषण न करता विचारलं. आशाताई माडियातलं मराठीत सांगत होती. (‘माहेर’ हा शब्द माडियात नेताना तिचीही दमछाक झाली.) एक म्हातारी म्हणाली, ‘तिथे चूल कुठाय? सुनेला गरम जावा, म्हणजे पेज, कोण देणार? मी कुठे निजू? थोरलं पोर कुणाकडे ठेवायचं?’ ‘दवाखाना नको’ असं ती एकदाही म्हणाली नाही.

लाज वाटली. याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी आणि अभय बंगांनी शोधग्रामचा दवाखाना लोकांना विचारून उभारला. नातेवाइकांना रोग्याजवळ राहता येईल अशा झोपड्या, आणि नाव आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. हे मला माहीत होतं, तरी सुचलं नाही.

पैसे गावाकडेच होते. २०१५पासून पेसा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, त्यातला चौथा हिस्सा आरोग्य, स्वच्छता, शिक्षणाचा. कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते, मी लिहून घेतो. ठराव झाला: मागे चुलीची पडवी, सासूसाठी खाट. मी टाइल्स सुचवल्या तर सगळे हसले.

पुजाऱ्याचं काम नाजूक होतं. गावात दुखण्याखुपण्याला पहिली धाव त्याच्याकडे. म्हणाला, ‘बाई आधी माझ्याकडे येईल, मग तुमच्याकडे.’ सिस्टर म्हणाली, ‘चालेल, पण झटका आला किंवा रक्त गेलं तर आधी गाडी.’ त्याने मान डोलावली. हा करार कुठल्याच रजिस्टरात नाही. ऑडिटवाल्या मेव्हण्याला सांगू नकोस!

कुर्माघराचा, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायका राहतात त्या झोपडीचा, विषय मी काढलेला नाही. तो बायका काढतील तेव्हा.

या पावसाळ्यात तिघी येऊन राहिल्या. चौथी नाल्यापलीकडेच बाळंत झाली. दोघं सुखरूप आहेत, पण ती का आली नाही ते अजून विचारायचंय. पाणी उतरलं की जाईन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास