खुले पत्र : इसबाच्या रुग्णाला तीस ग्रॅमची ट्यूब पुरत नाही

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, याचा मराठवाड्याला मोठा आधार आहे. पण मध्यम ते तीव्र एक्झिमाचे, म्हणजे इसबाचे, रुग्ण चिठ्ठीवर योग्य औषध असूनही खाजवतच राहतात. औषध पुरेसं मिळत नाही, हे त्याचं मोठं कारण.

मोठ्या माणसाच्या सर्वांगाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर आठवड्याला ४०० ग्रॅमच्या वर. दवाखान्यात मिळणारी तीस ग्रॅमची ट्यूब पहिल्याच अंघोळीनंतर संपते. कोरडी कातडी भेगाळते, खाज सुटते, खाजवून जखमा चिघळतात. म्हणून साध्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचे अर्ध्या किलोचे डबे प्राथमिक आरोग्य केंद्रातच द्यावेत. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र जेलीखाली घाम कोंडून खाज वाढते. तेव्हा पातळ क्रीम हवं. जेली मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, हे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला डबा देतानाच सांगायला हवं.

स्टेरॉइड मलमाबद्दल "थोडंसं लावा" एवढंच सांगितलं जातं. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आशाताईंना हे एका चित्रावरून शिकवता येईल. उलट मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड-बुरशीनाशक-प्रतिजैविकाची मिश्र मलमं कातडी पातळ करतात, गजकर्ण झाकून पसरवतात. ही स्टेरॉइडं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आहेत. अन्न व औषध प्रशासनाला सोबत घेऊन तपासण्या लावा.

मलमांनी भागत नसेल तर मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्तीचा अतिरेक दाबणारं स्वस्त औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. पाकिटावर "फक्त सोमवारी" असा ठळक मराठी शिक्का असावा, सोबत फॉलिक ॲसिड द्यावं, आणि रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंडाच्या तपासण्या ग्रामीण रुग्णालयातच व्हाव्यात. गरोदरपणात हे औषध चालत नाही, हे प्रत्येक तरुण स्त्रीला आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे.

नॅरोबँड यूव्हीबीचा, म्हणजे ठरावीक अतिनील किरणांचा, प्रकाशोपचार आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन महिने घ्यावा लागतो. किनवटच्या मजुराने त्यासाठी प्रत्येक वेळी नांदेड गाठायचं म्हटलं, तर बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं यापायी तो उपचार अर्ध्यावर सोडणारच. यंत्रं उपजिल्हा रुग्णालयांत द्या. एवढं करूनही न सुधारणाऱ्या रुग्णांना डुपिलुमॅब या इसबाची सूज आतून रोखणाऱ्या औषधाची इंजेक्शनं महात्मा फुले योजनेतून मिळावीत. दर दोन आठवड्यांनी लागणारं ते औषध मजुराला कधीच परवडणार नाही.

बीड, धाराशिवच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. फडात घाम आणि पाचट दोन्ही अंगाला लागतात, आणि ओळखीचा दवाखाना जवळ नसतो. टोळ्या निघण्याआधी या रुग्णांच्या तपासण्या करून मॉइश्चरायझर आणि नेहमीचं मलम हंगामभर पुरेल एवढं हातात द्यावं. मेथोट्रेक्सेटवरच्या रुग्णांच्या तपासण्या कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात व्हाव्यात, तसं पत्र सोबत द्यावं. याची सुरुवात याच हंगामापासून करावी, ही विनंती.

आपले,
मराठवाड्यात त्वचारुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका