गुलामी संपली, पण उतारा कोणाच्या नावावर?

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेच्या यादवी युद्धावरचा लेख वाचला. लिंकन यांची हत्या, गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती आणि ‘चाळीस लाख गुलाम मुक्त झाले’, इथे तो संपतो. मी चौतीस वर्षं तलाठी होतो. कोणाला काही मिळालं असं वाचलं की ‘कागद कोणता दिला?’ हे विचारायची खोड अजून गेलेली नाही.

१२ जानेवारी १८६५. युद्ध संपायला तीन महिने होते. जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेच्या, म्हणजे सरकारच्या, फौजेचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून घेतलं. त्यांच्या वतीने बोलले गॅरिसन फ्रेझियर, वय ६७. आठ वर्षांपूर्वी १,००० डॉलर सोन्या-चांदीत मोजून त्यांनी स्वतःला आणि बायकोला मालकाकडून विकत घेतलं होतं. स्वातंत्र्य म्हणजे तुम्ही काय समजता, असं त्यांना विचारलं. आमच्या कष्टाचं फळ आमच्या हाती येणं, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. मग पोट कसं भराल? जमीन मिळाली तर आम्ही ती कसू. सरकारदरबारी इतकं सरळ उत्तर मी क्वचितच ऐकलं.

चारच दिवसांत शर्मन यांचा हुकूम निघाला. चार्ल्सटनच्या दक्षिणेची बेटं आणि फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची किनारपट्टी मुक्त झालेल्या गुलामांसाठी राखली, दर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत. (लेखात ओझरतं ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ असं म्हटलंय, पण खेचर या हुकुमात कुठेच नाही, लष्कराची खेचरं पुढे उसनी दिली गेली.) पण आमच्या खात्यातला कोणीही जिथे थबकेल असं एक वाक्य त्यात आहे. लेखी मिळणार तो कब्जाचा कागद, मालकीचा नाही. आणि तोही राष्ट्राध्यक्षांच्या मंजुरीच्या अधीन राहून.

सुमारे ४०,००० माणसं तिथे वसली, पेरते झाली. एप्रिलमध्ये लिंकन गेले. नंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेतल्या बंडखोर मळेवाल्यांना माफी दिली आणि माफीसोबत जमिनीही परत केल्या. ऑक्टोबरमध्ये हे सांगायला मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड त्यातल्याच एडिस्टो बेटावर गेले. तिथल्या लोकांनी त्यांना लेखी कळवलं, की तुम्ही मालकांना क्षमा करायला सांगता; पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, त्याला मी कशी क्षमा करू? गंमत अशी, की १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम सोडवताना सरकारने मालकांना माणसामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली होती. त्या भरपाईला मात्र पैसा होता.

पुढचं तर आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायलाही नको. मिसिसिपीत १८६५ च्या अखेरीस कायदे झाले. दर जानेवारीत प्रत्येक मुक्त माणसाकडे कामाचा लेखी पुरावा हवा. वर्षाचा करार मध्येच सोडला तर तोवरची मजुरी बुडाली. आमच्याकडे पाडव्याला सालगडी ठेवतात, तसंच, फक्त मागे पोलीस उभा. कामाचा पुरावा नसेल तर भटक्या म्हणून दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. तेराव्या घटनादुरुस्तीतच ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तीची मजुरी चालेल अशी फट आहे. जे मोकळे राहिले त्यातले पुष्कळ जण जुन्याच मळ्यांवर अर्धेलीने कापूस पिकवू लागले. बी-बियाणं, धान्य उधारीवर. हिशोबाची वही मालकाकडे.

काहीच झालं नाही, असं मी म्हणत नाही. शाळा निघाल्या, १८७० मध्ये मताचा हक्क घटनेत आला, त्याच वर्षी मिसिसिपीतूनच हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. पण ज्याच्या जमिनीवर राहायचं त्याच्याविरुद्ध मत टाकायचं म्हणजे काय, हे गावात राहिलेल्याला कळेल. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला. त्याच वर्षी ईस्टरच्या रविवारी लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या टोळीने कित्येक कृष्णवर्णीयांना ठार मारलं. त्यातले बरेचसे शरण आलेले होते. फुल्यांचं कौतुक खोटं नव्हतं. ज्या कामाचं ते कौतुक होतं, ते मात्र तिथे उलटं फिरायला लागलं होतं.

आपल्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याला मालक मानलं. तरी माझ्या नोकरीत प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने कागद घेऊन येणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. ‘नाव आहे ना अण्णा उताऱ्यावर?’ नाव असायचं, पण ‘इतर अधिकार’ या रकान्यात. कब्जेदाराच्या, म्हणजे आपल्याकडे मालकाच्या, रकान्यात दुसरंच कोणी. हे सांगताना समोरच्याचा चेहरा बघवत नसे.

सव्हानातली ती प्रश्नोत्तरं त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आली होती. आपल्या पुरवणीत त्यांचं मराठी भाषांतर द्यावं, ही विनंती. दीड पानात मावेल.

आपला,
एक निवृत्त तलाठी, जळगाव जिल्हा