मोडून बघ म्हणालात, म्हणून

तीर्थस्वरूप काका,
सा. नमस्कार.

काल होडी पाण्यात उतरवली. दोन तास वल्हवली, काठाला आणली, आतल्या फळ्या उचलल्या आणि मधल्या आडभिंतीच्या बुडाशी फडकं फिरवलं. दोन्ही बाजूंनी, पार टोकापर्यंत. फडकं कोरडंच राहिलं. तिथेच उकिडवी बसले आणि तुमची आठवण झाली.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण अशाच एखाद्या सुटलेल्या कोपऱ्यापाशी अडून बसलेलं आणखी कुणी असेल, त्यालाही तुमच्या शिकवण्याचा उपयोग व्हावा, म्हणून पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नाव घालू नकोस म्हणालात, ते पाळलं आहे.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या हातात वीतभर लांबीची एक पट्टी होती. आडभिंत तळाला मिळते त्या कोपऱ्यात मीच भरलेली फिलेट, म्हणजे सांध्यात भरायची गोलाई. आधीची जुनी पॉलिएस्टर रेझिनची सुटली होती म्हणून ती खरवडून मी इपॉक्सीची, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून घट्ट होणाऱ्या चिकट मिश्रणाची, घातली, आणि काही महिन्यांत माझीही निघाली. पटाशीचं टोक घातलं नि सालपट सुटावं तशी अख्खी हातात आली. मला वाटलं होतं, तुम्ही आधी होडी बघाल. तुम्ही पट्टी टेबलावर ठेवायला सांगितलीत, काठीनं उलटी केलीत आणि विचारलंत, "हिच्या पाठीला लाकूड कुठे आहे?" पाठ गुळगुळीत होती. लाकडाचा एक तंतूसुद्धा चिकटलेला नव्हता.

काठीनं का, ते मग कळलं. वर्षानुवर्षं उघड्या हातांनी काम केल्यावर एक दिवस मनगटांवर पुरळ उठलं, आणि तेव्हापासून ओल्या इपॉक्सीच्या जवळ जाणंही तुम्हाला बंद झालं. ही ॲलर्जी एकदा अंगात बसली की जात नाही. त्यामुळे मला शिकवताना तुम्ही एकदाही शेडच्या आत आला नाहीत. वारा ज्या बाजूनं येत असेल त्या बाजूला, दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचात आणि तिथून सांगायचात. हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हाताला लागलंच तर थिनरनं पुसायचं नाही, साबणपाण्यानं धुवायचं. पूर्ण घट्ट न झालेल्या इपॉक्सीची धूळ फार वाईट, मास्क लावल्याशिवाय घासायला घ्यायचं नाही. हे सगळं तुम्ही स्वतःची मनगटं पुढे करून सांगितलंत. मी त्यातलं काही विसरले नाही.

तोवर फिलेट म्हणजे फट बुजवायची पुट्टी, एवढंच मला माहीत होतं. 6 मिमी प्लायवुडची भिंत तळावर उभी राहते तेव्हा दोघांची गाठ पडते ती फक्त त्या 6 मिमीच्या कडेवर. लाटेनं तळ दबला की सगळा ताण त्या एका रेषेवर येतो, तळ तिथेच वाकू बघतो आणि शेवटी तिथेच चिरतो. कोपऱ्यात गोलाई भरली की तोच ताण दोन्ही फळ्यांवर लांबवर पसरतो. शिवाय फायबरग्लासचं कापड काटकोनात बसत नाही; कोपऱ्यात हवा धरतं आणि उचलून येतं. गोलाईवरून ते निमूट वळतं.

याच बोलण्यात तुम्ही मिरर होडीचा विषय काढलात. बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आखलेली ती 3.3 मीटरची होडी. प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेनं शिवायचे आणि सांध्यांवर काचतंतूंची पट्टी पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवायची. तोवर कोपऱ्याकोपऱ्यात लाकडी पट्टी बसवावी लागे, आणि तिचा कोन होडीच्या लांबीभर बदलत जाई, तो तासणं हे मुरलेल्या हाताचं काम. ते मधून गेल्यामुळे कधी होडी न बांधलेल्या माणसांनीही ती बांधली. 70,000 हून जास्त झाल्या. फक्त पॉलिएस्टर लाकडाला इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही, आणि ओल लागत राहिली की हळूहळू सोडतं. माझ्या होडीचा पहिला सांधा का गेला ते मला तिथे कळलं. दुसरा, माझा स्वतःचा, का गेला ते मात्र तुम्ही सांगितलं नाहीत.

"आधी मोडायला शिक," एवढंच म्हणालात.

वीतभर प्लायवुडचे तुकडे कापून, एकावर एक उभा करून, मला चार सांधे जोडायला लावलेत. पहिला मी होडीत केला होता अगदी तसाच: कोरं कोरडं लाकूड आणि त्यावर हलकी पांढरी पूड कालवलेली इपॉक्सी. दुसऱ्यात तीच पूड, पण आधी लाकडाला नुसत्या पातळ इपॉक्सीचा हात. तिसऱ्यात लाकडाचं बारीक पीठ आणि सिलिका, पण कोरड्या लाकडावर. चौथ्यात पीठ, सिलिका आणि आधी पातळ हात. आठवडाभर त्यांना हात लावायचा नाही, असं बजावलंत.

मग एकेक व्हाइसमध्ये धरून उभ्या तुकड्यावर हातोडा मारला. पहिला एकाच ठोक्यात सुटला, पाठ तशीच गुळगुळीत. दुसऱ्याची फिलेट लाकडाला धरून होती, पण स्वतःच मधोमध फुटली आणि आतून खडूसारखी निघाली. ती पूड म्हणजे सूक्ष्म पोकळ गोळे. पृष्ठभाग सपाट करायला उत्तम, घासायला सोपी, पण भार घ्यायला तिच्यात जीव नाही. तिसरा अर्धा टिकला. सपाट फळीवर त्यानं बरं धरलं होतं, पण प्लायवुडच्या कापलेल्या कडेपाशी, जिथे रेषांची तोंडं उघडी असतात, तिथे लाकडानं मिश्रणातलं रेझिन पिऊन टाकलं होतं आणि मागे भुरभुरीत पीठ उरलं होतं.

चौथा तीन ठोक्यांत हललाही नाही. चौथ्या ठोक्याला कर्रकन आवाज झाला, तो लाकडाचा. तुकडा घेऊन मी दारापाशी आले आणि उजेडात धरला. फिलेट अखंड होती. तिच्या पाठीवर प्लायवुडचा वरचा थर उपटून आला होता, तांबूस तंतू ब्रशच्या केसांसारखे उभे. तुम्ही खुर्चीतून जमेल तितके पुढे वाकलात, बघितलंत आणि नुसतं "हं" म्हणालात. त्या "हं"नंतर मला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती. मोठ्या भाषणानं हे डोक्यात गेलं नसतं, काका. माझ्या चुकीचा तुकडा आणि बरोबरचा तुकडा तुम्ही माझ्याच हातून करवून घेतलात आणि दोन्ही माझ्याच हातानं मोडायला लावलेत.

मापाची शिस्त तर मी आता सगळीकडे सांगत फिरते. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर थोडा जास्त घालायची मला सवय होती, पॉलिएस्टरवरून आलेली. इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनचा जोडीदार आहे. जोडी लागेल तेवढाच हवा, जास्तीचा तसाच आत उरतो आणि सांधा कमजोर राहतो. डब्यावर 2:1 असेल तर 2:1, 5:1 असेल तर 5:1, आणि हे प्रमाण वजनाचं की आकारमानाचं तेही वाचायचं. दोन्ही घटक आधी नीट दोन मिनिटं ढवळायचे, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. पूड त्यानंतर. मिश्रणात काठी उभी राहिली पाहिजे आणि काठी उपसल्यावर उठलेलं टोक लवता कामा नये. ते टोक उभं राहतं सिलिकेमुळे. नुसतं पीठ घातलं तर उभ्या कोपऱ्यातून मिश्रण खाली सरकतं.

एकदा मी घाईनं मोठा कप भरून कालवलं आणि मधेच फोन घेतला. कप हाताला गरम लागायला लागला, वर धूर दिसला, आणि बाहेरून तुमचा आवाज आला, "पसरव, फळीवर पसरव!" आत न येता, दारातून नुसता धूर बघून तुम्हाला कळलं होतं. भांड्यात साठून राहिलं की स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, आणि तापलं की आणखी वेगानं घट्ट होतं. तेव्हापासून कालवलं की लगेच पसरट फळीवर काढते.

आणि तो मातीचा धडा! इपॉक्सीला हात लावता येत नाही म्हणून तुम्ही ओल्या मातीचा लांबोळका केलात, पायरी आणि भिंतीच्या कोपऱ्यात दाबलात आणि गोल टोकाची काठी त्यावरून ओढून दाखवलीत. काठी पुढे ढकलायची नाही, आपल्याकडे ओढायची, ओढण्याच्या बाजूला थोडी कलती, आणि शेवटापर्यंत न थांबता. दोन्ही बाजूंना उठणाऱ्या बारीक वरंब्यांना तेव्हाच हात लावायचा नाही. गोलाई थोडी आवळली की पट्टीनं उचलायचे. माझ्या 6 मिमी प्लायला आपण 20 मिमी त्रिज्येची काठी घेतली होती. तळ जिथे उताणा होत जातो तिथे तीच काठी कोपऱ्यात फार थोडा माल ठेवते, म्हणून तुम्ही दुसरी, मोठ्या गोलाईची काठी करायला लावलीत. मी दोन दिवस त्या पायरीवर मातीच ओढत होते. तुम्ही दोन्ही दिवस बसून राहिलात.

होडीवरचं काम मग फारसं अडलं नाही. जुना रंग, मेलेलं लाकूड आणि ओल काढून कोरं लाकूड उघडं करायला बराच काळ गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही, करावंच लागतं. पातळ हात दिला, तो चिकट होईपर्यंत थांबले, फिलेट ओढली. ती आवळली, पण पूर्ण घट्ट झाली नव्हती तेव्हाच वरून काचतंतूंची पट्टी बसवली, म्हणजे दोन थर रासायनिक क्रियेनं एकमेकांत मिळतात आणि मधे घासावं लागत नाही. पट्टी 45 अंशांत विणलेली घेतली, तिचे सगळे तंतू सांधा ओलांडतात. साध्या विणीत निम्मे तंतू सांध्याच्या रेषेतच पडून राहतात. दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर मेणासारखा ओशट थर आला होता. तुम्ही बजावून ठेवलंत नसतं तर मी सरळ पॉलिश पेपर घेतला असता आणि तो थर आत चोळला असता. आधी स्वच्छ पाणी आणि घासणी, मग पेपर. रंग का सुटतो म्हणून विचारणाऱ्या किती जणांनी हे धुणं वगळलेलं असतं! उन्हानं इपॉक्सी खराब होते, म्हणून शेवटी रंगाचे तीन थर.

तो चौथा तुकडा मी मोडलेल्या बाजूनं वर ठेवून शेडच्या खिडकीत मांडला आहे.

पक्क्या झालेल्या इपॉक्सीचा तुम्हाला त्रास होत नाही असं म्हणाला होतात, आणि आता तर वर रंग आहे. मधल्या भिंतीला टेकून बसता येईल अशी एक फळी तुमच्यासाठी बसवली आहे. वारा पडलेला असेल अशा एखाद्या सकाळी या. वल्ही मी मारेन.

तुमची विद्यार्थिनी