वचकाचा अभ्यास विजयदुर्गावरून व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमेवर तणाव वाढला की 'शत्रूला जरब बसली' असे सगळेच म्हणतात. जरब खरेच बसली, हे ओळखायचे कसे? हल्ला झाला तर त्याची तारीख लागते. भीतीपोटी टळलेल्या हल्ल्याची नोंद कुठे सापडणार?

विद्यापीठांतले संशोधक याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. मिशिगन विद्यापीठात जे. डेव्हिड सिंगर यांनी 1963 साली 1816 पासूनच्या युद्धांची पद्धतशीर मोजदाद सुरू केली. पुढे 1984 मध्ये पॉल ह्यूथ आणि ब्रूस रसेट यांनी वचक बसवून हल्ला टाळू पाहण्याचे 1900 ते 1980 मधले 54 प्रसंग तपासले. अण्वस्त्रे असल्याने फारसा फरक पडत नाही. ज्याचे रक्षण करायचे त्याच्याशी व्यापाराचे, राजकारणाचे संबंध किती घट्ट आहेत, यावर जास्त अवलंबून असते, असे त्यांना दिसले. 1990 मध्ये लेबो आणि स्टाइन यांनी तेच प्रसंग पुन्हा तपासले आणि त्यांतले बहुतेक वचकाच्या व्याख्येत बसतच नाहीत, असा आक्षेप घेतला. या वादातूनच हा विषय शिकावा, असे मला वाटते.

आमच्या विजयदुर्गाने 1720 मध्ये इंग्रजांना परतवले. कान्होजी आंग्रे 1729 मध्ये गेले आणि त्यांच्या मुलांत दुही माजली. 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह आले तेव्हा खुद्द पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. तट पूर्वीचेच भक्कम होते, पण किल्ला राखणाऱ्या तुळाजींच्या, म्हणजे कान्होजींच्या मुलाच्या, पाठीशी कोणी उरले नव्हते. बंदरातले आरमार जळून खाक झाले. शाळेत हा धडा शिकवताना माझा आवाज दर वर्षी जड होत असे.

ही सगळी हकिगत 1816 च्या आधीची, म्हणून सिंगर यांच्या मोजदादीत ती नाही. ती कमतरता आपणच भरून काढायला हवी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद, गोव्यातली पोर्तुगीज दफ्तरे आणि कंपनीचा मुंबईचा पत्रव्यवहार शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर आंग्र्यांची दस्तके (जहाजांना दिलेले समुद्रातले परवाने) कोणी मानली, कोणी नाकारली आणि का, हे प्रसंगवार लावता येईल.

मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपकेंद्राने हे काम हाती घ्यावे, ही कळकळीची विनंती. सुरुवात मोडी वाचनाच्या वर्गापासून करावी. देवगड-मालवणची मुले येतील, त्यांना गोळा करून आणायची जबाबदारी मी घेतो.

— एक निवृत्त इतिहास शिक्षक,
विजयदुर्ग, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग